हैदर अली : खंडणीतून उभी राहिलेली सत्ता

सेंट जॉर्ज किल्ल्याच्या उत्तरेस मद्रासची जी जुनी व्यापारी वसाहत आहे, तिला आज जॉर्ज टाउन म्हणतात. १९११ पर्यंत तिचे नाव ब्लॅक टाउन असे होते. ह्या वसाहतीच्या पश्चिम कडेने जाणारा रस्ता वॉल टॅक्स रोड ह्या नावाने पिढ्यानुपिढ्या ओळखला गेला. इंग्रजांनी १७६९ च्या सुमारास वसाहतीच्या उत्तर व पश्चिम बाजूंना भक्कम तट घालण्याचे काम हाती घेतले आणि त्याच्या खर्चासाठी रहिवाशांवर कर बसविण्याचा विचार केला. तो कर काही वसूल झाला नाही. तटही कालांतराने, थोडे अवशेष सोडता, नाहीसा झाला. रस्त्याच्या नावात मात्र तट आणि कर हे दोन्ही राहून गेले. ज्याच्या धास्तीने हा तट उठला तो पुरुष म्हणजे म्हैसूरचा हैदर अली होय.

मराठी वाचकाला हैदर अलीची ओळख आहे ती प्रामुख्याने थोरल्या माधवराव पेशव्यांचा प्रतिस्पर्धी म्हणून. रट्टेहळ्ळी, सिरे, मोती तलाव ह्या नावांभोवती ती ओळख फिरते. परंतु ज्याला राज्याचा वारसा नव्हता, ज्याला लिहिता-वाचता येत नव्हते आणि ज्याने अखेरपर्यंत राजा ही पदवी धारण केली नाही, असा एक नाईक अवघ्या बारा वर्षांत एका प्राचीन राज्याचा सर्वाधिकारी कसा झाला, हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारला जातो. त्याचे शौर्य आणि कपटनीती ह्यांकडे बोट दाखवून तो मिटविला जातो. हे दोन्ही गुण हैदरपाशी होते ह्यात शंका नाही. पण त्याच काळात तेवढेच शूर आणि तेवढेच कपटी सरदार दक्षिणेत अनेक होते. हैदरच्या वाट्याला जी संधी आली, ती घडविण्यात म्हैसूरवर लादल्या गेलेल्या तहांचा वाटा फार मोठा आहे आणि त्या तहांपैकी महत्त्वाचा एक पुण्याहून लादला गेला होता.

हैदरचा जन्म कोलार प्रांतातील बुदिकोटे येथे झाला. जन्मवर्षाविषयी एकमत नाही, पण ते १७२० ते १७२२ च्या दरम्यानचे मानले जाते. वडील फत्ते महंमद हे निरनिराळ्या नबाबांच्या पदरी चाकरी करणारे शिपाई होते. हैदर लहान असतानाच ते लढाईत पडले आणि कुटुंबाची दैना झाली. थोरला भाऊ शाहबाज म्हैसूरच्या चाकरीत शिरला व त्याच्या मागोमाग हैदरही गेला. १७४९ मध्ये देवनहळ्ळीच्या वेढ्यात त्याने दाखविलेली धडाडी म्हैसूरचा मंत्री नंजराज ह्याच्या नजरेस आली, आणि थोड्याशा स्वारांचे व प्याद्यांचे नाईकपण त्याला मिळाले. ह्यावेळी त्याचे वय सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे, म्हणजे त्या काळाच्या मानाने उशिराच सुरुवात करणाऱ्या माणसाचे होते.

म्हैसूरच्या गादीवर तेव्हा कृष्णराज वोडेयर (दुसरे) होते. परंतु १७३४ पासून सारी सत्ता देवराज व नंजराज ह्या दोघा भावांच्या हाती होती. एक दळवाई, म्हणजे सेनापती, आणि दुसरा सर्वाधिकारी. हैदरने पुढे जे बळकावले ते राजाकडून बळकावले असे म्हणण्यापेक्षा ज्यांनी राजाकडून आधीच घेतले होते त्यांच्याकडून घेतले, हे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

राज्याच्या दुर्दशेची सुरुवात त्रिचनापल्लीपासून झाली. १७५२ मध्ये कर्नाटकच्या नबाबीसाठी झगडणाऱ्या महंमद अलीने त्रिचनापल्लीचा किल्ला देण्याचे वचन देऊन म्हैसूरची मदत घेतली. गरज सरल्यावर त्याने श्रीरंगमपुरते बेट हाती ठेवून किल्ला द्यायचे नाकारले. नंजराज हट्टाने तिथेच तळ देऊन बसला. १७५५ च्या प्रारंभी इंग्रज व फ्रेंच ह्यांनी आपसांत तात्पुरता तह केला. ज्या युद्धात म्हैसूरचा खजिना रिता झाला त्या युद्धाच्या ह्या तहात म्हैसूरला काहीच मिळाले नाही. नंजराज रिकाम्या हाताने परतला. हैदरला मात्र ह्या मोहिमेत दोन गोष्टी लाभल्या. युरोपीय कवायती पलटणींचे व तोफखान्याचे बळ त्याने जवळून पाहिले, आणि १७५५ मध्ये दिंडिगलची फौजदारी त्याच्याकडे आली. तेथे त्याने फ्रेंच कारागिरांच्या साहाय्याने तोफा-बंदुकांचा कारखाना उभारला. हिशेब ठेवण्यासाठी खंडेराव नावाचा एक हुशार ब्राह्मण कारकून त्याच्यापाशी होता. सैनिकांच्या हजेरीपासून लुटीच्या वाट्यापर्यंत प्रत्येक बाबीचा हिशेब चोख ठेवण्याची ही पद्धत पुढे त्याच्या सत्तेचा कणा ठरली.

त्याच वर्षी नंजराज परत येण्यापूर्वीच सलाबतजंग निजाम आणि त्याचा फ्रेंच सेनापती बुसी श्रीरंगपट्टणच्या तटाखाली येऊन थकलेल्या खंडणीचा तगादा लावून बसले. देवराजाने छप्पन्न लाख रुपये कबूल केले. ते देण्यासाठी देवळांतील सोने-चांदी व राजघराण्यातील जवाहीर बाहेर काढावे लागले. ह्या घावातून राज्य सावरले नसतानाच १७५७ च्या मार्चमध्ये बाळाजी बाजीराव पेशवे मोठी फौज व तोफखाना घेऊन आले. श्रीरंगपट्टणवर तोफा डागल्या गेल्या. अखेर बत्तीस लाखांवर तह ठरला. पैकी पाच लाख रोख व जवाहिराच्या रूपाने दिले गेले. उरलेल्या रकमेसाठी नागमंगल, किक्केरी, चन्नरायपट्टण, कडूर इत्यादी तालुके तारण म्हणून मराठ्यांच्या स्वाधीन झाले आणि तेथे पेशव्यांचे कमाविसदार बसले.

ह्या तहातील विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. कर्जदाराकडून रक्कम वसूल करावयाची आणि ज्या मुलुखाच्या उत्पन्नातून ती फिटावयाची तोच मुलूख काढून घ्यावयाचा, असा हा व्यवहार होता. उत्पन्न घटले तेव्हा पहिली काटछाट शिबंदीच्या पगारात झाली. १७५८ मध्ये पगार थकलेल्या सैनिकांनी नंजराजाच्या वाड्यापुढे धरणे धरले आणि आत जाणारे अन्नपाणी रोखून धरले. हैदरने ह्यापूर्वीच सल्ला दिला होता की पावसाळा लागून मराठी फौज माघारी गेली की त्यांचे कमाविसदार हुसकून लावावेत, आणि तसे केलेही गेले होते. आता धरणे उठविण्याचे कामही त्याच्याकडेच आले. त्याने खंडेरावाला घेऊन प्रत्येकाच्या थकबाकीचे कागद तपासले, खोट्या मागण्या छाटल्या, खऱ्या भागविल्या. मंत्र्याने जे देणे बुडविले ते हैदरने चुकते केले, ही गोष्ट प्रत्येक शिपायाच्या मनावर ठसली. त्या वर्षीच्या जूनमध्ये देवराज वारला.

कमाविसदार हुसकल्याचा परिणाम व्हावयाचा तो झाला. १७५९ मध्ये गोपाळराव पटवर्धन चालून आले. त्यांनी बंगळूरला वेढा घातला व चन्नपट्टण घेतले. म्हैसूरचे जुने सरदार ह्या प्रसंगी मागे सरले आणि सेनापतिपद हैदरला मिळाले. त्याने समोरासमोरची लढाई टाळून रात्रीचे छापे घालून मराठ्यांना जेरीस आणले. शेवटी पुन्हा बत्तीस लाखांवरच तोडगा निघाला, पण ह्यावेळी तारण ठेवलेले तालुके मराठ्यांनी कायमचे सोडावेत असे ठरले. सरदारांकडून नजराणे गोळा झाले, उरलेली रक्कम सावकारांनी दिली. परंतु सावकारांनी ती दिवाळखोर दरबाराच्या शब्दावर दिली नाही, हैदरच्या हमीवर दिली. ह्या कर्जाच्या फेडीसाठी मोकळे झालेले सर्व तालुके हैदरच्या ताब्यात देण्यात आले. श्रीरंगपट्टणात त्याचा सत्कार झाला व त्याला फत्ते हैदर बहादूर हा किताब मिळाला.

हैदरच्या उदयाचे सूत्र येथे स्पष्ट होते. जे राज्य देणे फेडू शकत नाही त्याच्या वतीने जो हमी देतो, तो हळूहळू त्या राज्याचा धनी होतो. त्याच वर्षी पुन्हा पगाराचा प्रश्न निघाला. ह्या खेपेस शिपायांनी हैदरपुढेच धरणे धरले व हैदर त्यांना घेऊन नंजराजाच्या दाराशी जाऊन बसला. त्यात त्याची व खंडेरावाची फूस होती हे उघड आहे. नंजराजाने निवृत्ती पत्करली. राजाच्या अनुमतीने खंडेराव प्रधान झाला, आणि शिबंदीच्या खर्चासाठी म्हणून आणखी मुलूख हैदरकडे आला. आता निम्म्याहून अधिक राज्याचे उत्पन्न त्याच्या हाती होते.

राजमाता व खंडेराव ह्यांच्या हे लक्षात आले तेव्हा उशीर झाला होता. १७६० च्या ऑगस्टमध्ये, हैदरची बरीचशी फौज फ्रेंचांच्या मदतीसाठी पाँडिचेरीकडे गेली असता, खंडेरावाने मराठ्यांच्या मदतीचे संधान बांधून त्याच्यावर अकस्मात तोफा डागल्या. बायकामुले व खजिना मागे टाकून हैदर मोजक्या स्वारांनिशी रात्रीत कावेरीपार झाला व अनेकल गाठून बंगळूरला पोचला. तेथील किल्लेदार त्याच्याशी इमानी राहिला आणि बंगळूरच्या सावकारांनी त्याला कर्ज दिले. विसाजी कृष्ण बिनीवाले थोड्या रकमेवर व बारामहालच्या आश्वासनावर परत फिरले. एवढ्या सवलतीत सुटका का झाली हे हैदरला मागाहून कळले. जानेवारी १७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांचा घात झाला होता. १७६१ च्या मध्यापर्यंत खंडेराव हैदरच्या हाती सापडला. त्याला पोपटाप्रमाणे सांभाळण्याचे वचन हैदरने राजकुटुंबाला दिले होते. ते त्याने अक्षरशः पाळले, आणि दूधभातावर जगणारा हा माजी प्रधान बंगळूरला लोखंडी पिंजऱ्यातच मेला. राजाच्या खर्चासाठी तीन लाखांचा व नंजराजासाठी एक लाखाचा मुलूख तोडून देण्यात आला. बाकीचे राज्य हैदरचे झाले.

आधुनिक इतिहासात ह्याला समांतर असे उदाहरण म्हणून जर्मनीचे नाव घेतले जाते. १९१९ च्या व्हर्साय तहानंतर १९२१ मध्ये जर्मनीवर १३२ अब्ज सुवर्ण मार्कांची भरपाई ठरविण्यात आली. १९२३ मध्ये तेथील चलन कोसळले, १९२९ नंतर मंदी आली आणि १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. परंतु कठोर तह आणि हुकूमशाही ह्यांचा संबंध इतका सरळ नाही. १८७१ मध्ये जर्मनीनेच फ्रान्सवर पाच अब्ज फ्रँकांची खंडणी लादली होती व दोन प्रांत तोडून घेतले होते. फ्रान्सने जनतेकडून कर्ज उभारून १८७३ मध्येच ती फेडली, आणि तेथे हुकूमशहा न येता प्रजासत्ताक रुजले. तेव्हा केवळ रकमेचा आकडा निर्णायक नसतो. तहावर सही करणारे शासन स्वतःच्या बळावर देणे फेडू शकते की नाही, आणि प्रजेचा त्यावर विश्वास उरतो की नाही, हे निर्णायक असते. जर्मनीत तहाची नामुष्की प्रजासत्ताकाच्या माथी बसली व तिचा लाभ त्याच्या शत्रूंनी उठविला. म्हैसुरात नामुष्की दळवाई बंधूंच्या माथी बसली आणि लाभ हैदरचा झाला. दोहोंतला भेद असा की हिटलरने तहाविरुद्ध चीड पेटविली, हैदरने तहाचे पैसे भरले.

सत्ता आल्यावर हैदरने राजघराणे मोडले नाही. दसऱ्याला राजा लोकांपुढे बसविला जाई. १७६६ मध्ये कृष्णराज वारल्यावर गादीवर आलेला नंजराज वोडेयर १७७० मध्ये गळा दाबून मारला गेला. १७७६ मध्ये गादी पुन्हा रिकामी झाली तेव्हा आप्तांच्या मुलांपुढे खेळणी व शस्त्रे मांडून ज्याने कट्यार उचलली त्याला हैदरने राजा ठरविले, अशी कथा आहे. त्याच्या नाण्यांवर पूर्वीचीच शिवपार्वती राहिली, मागील बाजूस फक्त त्याच्या नावाचे फार्सी आद्याक्षर आले. तेवढे एकच अक्षर त्याला काढता येई, तेही उलटे. मात्र कानडी, मराठी, तेलुगू, तामिळ आणि हिंदुस्थानी ह्या पाच भाषा तो सफाईने बोले. कारकुनांनी वाचलेला हिशेब ऐकताच त्यातली चूक तो हेरी, आणि अफरातफर करणाऱ्या अधिकाऱ्याला चाबकाचे फटके बसत. १७६३ मध्ये बिदनूरची अमाप संपत्ती आणि १७६६ मध्ये मलबार त्याने मिळविले. माधवरावांनी १७६४ पासून वारंवार त्याचा पाडाव केला व दर वेळी भारी खंडणी घेतली. पण खंडणीचा बोजा पुढे रयतेवर व कारभाऱ्यांवर ढकलला गेला, आणि प्रत्येक पराभवानंतर हैदरची राज्यावरची पकड अधिकच आवळली गेली.

इंग्रजांशी त्याचे पहिले युद्ध १७६७ मध्ये सुरू झाले. त्या वर्षी कोवळ्या वयाच्या टिपूच्या घोडेस्वारांनी मद्रासच्या आसपासची उपनगरे लुटली. १७६९ च्या मार्चअखेर हैदरने स्वतः जड तोफा व पायदळ मागे पाठवून सुमारे सहा हजार स्वारांनिशी साडेतीन दिवसांत १३० मैलांची मजल मारली आणि तो सेंट टॉमस माउंटला येऊन थडकला. किल्ला घेण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते. पण किल्ल्याबाहेरचे ब्लॅक टाउन उघडे पडले होते. तेथे तेलुगू कोमटी, तामिळ चेट्टी, आर्मेनियन आणि गुजराती व्यापाऱ्यांच्या वखारी होत्या, आणि कंपनीचा व्यापार त्यांच्यावर अवलंबून होता. त्याची राख झाली असती तर किल्ला असून नसल्यासारखा झाला असता. गव्हर्नर बुर्शिए ह्याच्या कौन्सिलने हैदरच्या मागणीप्रमाणे ड्यू प्री ह्याला बोलणी करण्यास पाठविले आणि एप्रिलच्या आरंभी तह झाला. हैदरच्या यशाच्या वार्तांनी त्या मे महिन्यात लंडनमध्ये कंपनीच्या भागांचे भाव कोसळले.

मद्रासच्या दाराशी उभे राहून हैदरने जो तह केला तो आश्चर्य वाटावे इतका सौम्य होता. त्यात खंडणी नव्हती. दोघांनी जिंकलेला मुलूख एकमेकांना परत करावा आणि कोणी तिसऱ्याने हल्ला केल्यास परस्परांना मदत करावी, एवढेच कलम त्याला हवे होते. तिसरा म्हणजे कोण हे सांगण्याची गरज नव्हती. स्वतः खंडणीच्या ओझ्याखालून वर आलेल्या ह्या माणसाला पैशापेक्षा मराठ्यांविरुद्ध मित्र हवा होता. परंतु १७७० मध्ये माधवरावांची फौज उतरली आणि ५ मार्च १७७१ ला मोती तलावावर त्र्यंबकराव पेठ्यांनी हैदरचे सैन्य धुळीस मिळविले, तेव्हा मद्रासहून एक पलटणही आली नाही. आता ड्यू प्रीच गव्हर्नर होता. नबाब महंमद अली व लंडनहून आलेला राजप्रतिनिधी लिंडसे ह्यांचा कल मराठ्यांकडे होता. हैदरने वारंवार मागणी केली, कौन्सिलने टाळाटाळ केली. १७७२ मध्ये त्याला पुन्हा एक जबर तह पत्करावा लागला. दडपशाहीचा तह जसा द्वेष निर्माण करतो, तसाच मोडलेला न्याय्य तहही करतो. पहिल्या प्रकारातून हैदर सत्ताधीश झाला, दुसऱ्यातून तो इंग्रजांचा हाडवैरी झाला.

नोव्हेंबर १७७२ मध्ये माधवराव वारले, पुढच्या वर्षी नारायणरावांचा खून झाला, आणि पुण्याच्या घरभेदीत हैदरने गमावलेला सारा मुलूख तुंगभद्रेपलीकडेपर्यंत परत मिळविला. १७७९ मध्ये इंग्रजांनी फ्रेंचांचे माहे बंदर घेतले. त्याच वर्षी तंजावरचा पाद्री श्वार्ट्झ कंपनीचा सलोख्याचा निरोप घेऊन श्रीरंगपट्टणला गेला. हैदरने त्याचा आदर केला, पण निरोप पाठविणाऱ्यांवर त्याचा विश्वास उरला नव्हता. नाना फडणवीसांनी जुने वैर बाजूस ठेवून त्याच्याशी सख्य केले, आणि १७८० च्या जुलैत तो प्रचंड फौजेनिशी घाट उतरला.

ह्यावेळी मद्रासभोवतीचा प्रदेश जाणूनबुजून उजाड करण्यात आला. १० सप्टेंबरला पोळिलूर येथे कर्नल बेलीची तुकडी नष्ट झाली. जवळच असलेला मन्रो आपल्या जड तोफा कांचीपुरमच्या तलावात टाकून मद्रासला परतला. ब्लॅक टाउनचा तट आता उभा होता आणि त्याने वसाहत राखली. पण तटाबाहेरच्या गावांतून निर्वासितांचे लोंढे आले आणि त्यांच्यामागून दुष्काळ आला. १७८२ मध्ये वसाहतीच्या उत्तरेस भुकेल्यांसाठी कांजीचे केंद्र निघाले. मणेगार चौल्ट्री ह्या नावाने ते पुढे टिकले व त्यातून आजच्या स्टॅन्ले रुग्णालयाचा उगम झाला. तंजावरच्या भोसल्यांचे राज्यही ह्या धाडीतून सुटले नाही. तुळजाजीराजांच्या कारकिर्दीत कावेरीकाठची शेते ओस पडली, कालवे फुटले, हजारो माणसे म्हैसूरकडे नेली गेली. पुण्याने घेतलेल्या बत्तीस लाखांचा हिशेब असा फिरत फिरत तंजावरच्या मराठी राज्याच्या दाराशी येऊन पोचला.

तट बांधण्याचे कंत्राट पॉल बेनफिल्डला मिळाले होते. हाच माणूस पुढे नबाब महंमद अलीचा सर्वांत मोठा सावकार म्हणून गाजला आणि १७८५ मध्ये बर्कने ब्रिटिश पार्लमेंटात त्याच्या कर्जव्यवहारावर झोड उठविली. हैदरच्या भयातून ज्यांनी धन मिळविले त्यांची यादी बरीच लांब आहे.

१ जुलै १७८१ ला पोर्टो नोव्हो येथे आयर कूटने हैदरला हरविले. मे १७८२ मध्ये सालबाईचा तह होऊन मराठे युद्धातून बाहेर पडले. पाठीवरील दुष्ट व्रणाने आजारी पडलेला हैदर ७ डिसेंबर १७८२ रोजी चित्तूरजवळ नरसिंगरायनपेटच्या छावणीत वारला. टिपू मलबारात होता. तो येईपर्यंत पूर्णय्या, कृष्णराव इत्यादी कारभाऱ्यांनी मृत्यू गुप्त ठेवला व फौज एकत्र ठेवली. एका माणसाभोवती गुंफलेल्या सत्तेचे बळ आणि दुबळेपण ह्या काही दिवसांत एकत्रच दिसते.

दहा वर्षांनी, १७९२ मध्ये, इंग्रज, निजाम आणि हरिपंत फडक्यांच्या नेतृत्वाखाली मराठे अशा तिघांनी मिळून टिपूवर श्रीरंगपट्टणचा तह लादला. अर्धे राज्य, तीन कोटी तीस लाख रुपये आणि ओलीस म्हणून दोन कोवळे मुलगे, अशा त्याच्या अटी होत्या. ती मुले मद्रासला ठेवण्यात आली व १७९४ मध्ये परत गेली. खंडणी टिपूने फेडली, पण तिच्यासोबत सलोखा आला नाही. त्याने फ्रेंचांकडे अधिकच आशेने पाहिले, आणि १७९९ मध्ये तो श्रीरंगपट्टणच्या तटावर लढत पडला. त्यानंतर चार वर्षांतच, टिपूच्या नाशाला हातभार लावणाऱ्या पुणे दरबारावर वसईचा तह लागू होऊन इंग्रजी पलटणी पुण्यात येऊन बसल्या. दक्षिणेत त्यांना अडविणारे तिसरे बळ तेव्हा उरले नव्हते.